टीरचा उजवा हात

सासूबाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली आणि मी घाबरले. घरात एकीला नीट दिसायला लागलं म्हणून दुसरीनं घाबरावं असं सहसा होत नाही. पण गेल्या पाच महिन्यांत मी बारा वेळा एक लबाडी केली होती, आणि ती बाराही वेळा कागदावर होती.

सासूबाई चित्रकार. पन्नास वर्षं पुस्तकांसाठी शाईची चित्रं काढतायत. या वेळचं पुस्तक नॉर्स आणि फिनिश पुराणकथांचं होतं. चोवीस चित्रं. ओडिन, थॉर, लोकी हे एकीकडचे; म्हातारा गायक वाइनामोइनेन, लोहार इल्मारिनेन, पंख फुटलेली जखीण लोउही हे दुसरीकडचे. काम देताना संपादकांनी एकच अट घातली होती, की प्रत्येक रेघ बाईंच्या हातची हवी. बाईंनी शब्द दिला. शब्द देताना त्यांचा हात शाबूत होता.

मी लग्नाआधी नकाशे काढायच्या कचेरीत होते, त्यामुळे रेघ मला जमते. फक्त मी डावरी. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला ‘डावरे’ म्हणून हाक मारली, ती आजतागायत. कागद कापणं, शाई गाळणं, चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवणं ही माझी कामं. पेनला हात लावायचा नाही, हा अलिखित नियम.

हिवाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप हलला. मी बघतेय हे बघून त्या म्हणाल्या, “कप हलतो तर हलू दे. पेन धरलं की गप्प बसतो तो. ज्या दिवशी गप्प बसणार नाही, त्या दिवशी मी संपले असं समज. मग मला उगाच जपमाळ ओढायला आणि भाजी निवडायला बसवू नका.”

आठच दिवसांत त्यांनी बारावं चित्र काढलं. थॉर, हातोडा उगारलेला. दंडाची रेघ अशी थरथरत खाली आली होती की देवाला हुडहुडी भरलीय असं वाटावं. “कसं झालंय गं?” त्यांनी विचारलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, त्यांना स्वतःला सगळं धुरकट दिसत होतं. मी म्हटलं, “नेहमीसारखं.”

एकदा खोटं बोललं की ते निस्तरावं लागतं. सासूबाई दुपारी आडव्या झाल्यावर मी त्यांच्या टेबलाशी बसले.

इथे आमची कामाची रीत सांगायला हवी. सासूबाई आधी जाड कागदावर पेन्सिलीनं चित्र काढतात. मग त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून शाई करतात, आणि शाई केलेला तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवून छापायला जातो. सावली भरायला त्या बारीक तिरक्या रेघा ओढतात. उजव्या हाताच्या माणसाच्या या रेघा वर जाताना उजवीकडे कलतात, डावऱ्याच्या डावीकडे. ओळखणारा एका नजरेत ओळखतो. म्हणून मी त्यांचं पेन्सिलचं चित्र खाली दिवा असलेल्या काचेवर पालथं घालायची. उलटं चित्र वर उमटायचं. त्यावर नवा ट्रेसिंग पेपर ठेवून मी माझ्या डाव्या हातानं शाई करायची आणि शेवटी तो कागदच उलटा करून पुठ्ठ्यावर चिकटवायची. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं. चित्रही सरळ आणि रेघांचा कलही सासूबाईंचा. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात, ते मी अगदी शब्दशः पाळलं.

त्यांनी शाई केलेले कागद मी फाडले नाहीत. कपाटाच्या तळाशी ठेवत गेले. तेवढी लाज शिल्लक होती.

एक चित्र मात्र मी बदललं नाही. लेम्मिनकाइनेन नावाच्या वीराचे तुकडे मृत्यूच्या नदीत पडलेत, आणि त्याची आई लोखंडी दाताळं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ते गोळा करतेय. सासूबाईंच्या त्या चित्रात पाणी थरथरत होतं, आईची बोटं थरथरत होती. मी ते तीनदा काढून पाहिलं. माझ्या चित्रात नदी नीट वाहायची आणि बाई नुसती काम करताना दिसायची. शेवटी त्यांचंच ठेवलं. माझ्या नवऱ्याला हे सगळं माहीत होतं. “आईला कळलं तर मी गावाला गेलोय असं सांग,” एवढंच म्हणून तो मोकळा झाला.

तर पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता संपादक चित्रं न्यायला येणार होते. साडेनऊलाच सासूबाई खिडकीजवळ टेबलाशी बसल्या. डावा हात भिंगावर, उजवा अंगरख्याच्या खिशात. हल्ली तो तिथेच असायचा.

“ओडिनला एक डोळा देऊन शहाणपणाचं पाणी मिळालं,” त्या म्हणाल्या. “मला दिवसातून चार वेळा थेंब. आण चित्रं. देण्याआधी एकदा बघते.”

“आई, डॉक्टरांनी ताण द्यायचा नाही म्हटलंय.”

“डॉक्टरांना चित्रं काढायची नाहीयेत. आण.”

पहिली अकरा त्यांचीच होती. त्या एकेक पुठ्ठा उचलत, बघत, उजवीकडे ठेवत गेल्या. बारावा थॉर आला. त्यांनी भिंग दंडावरून फिरवलं, हातोड्यावर नेलं. “बरा उतरलाय,” म्हणाल्या. “मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा.” तेरा. चौदा. लोउहीच्या पंखांवर त्या जरा रेंगाळल्या आणि हसल्या. इल्मारिनेनच्या भट्टीपाशी त्यांनी मान डोलावली. सुटले बहुतेक, असं वाटलं.

मग नदी आली.

त्यांनी भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं. “हे काय झालं?”

“काय, आई?”

“रेघ बघ. वेडीवाकडी. हे मी दिलं कसं?” मग मागच्या चित्रांच्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाल्या, “याच्या आधीची सगळी चांगली आहेत. हे एकच कसं असं?”

“त्या दिवशी तुम्हाला ताप होता,” मी म्हणाले. ताप कुणालाच नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा स्वच्छ झालेला डोळा मला नको झाला. त्यांनी नदी बाजूला ठेवली आणि पुढचा पुठ्ठा घेतला.

तो टीर होता. टीरची गोष्ट चित्र काढायच्या आधी त्यांनीच मला सांगितली होती. फेनरिर नावाचा लांडगा फार माजला, तेव्हा देवांनी त्याला बांधायचं ठरवलं. रेशमासारखी एक फीत आणली आणि म्हणाले, गंमत म्हणून बांधून घे, नाही तुटली तर आम्ही सोडू. लांडगा म्हणाला, तुमच्यात लबाडी नसेल तर एकानं माझ्या तोंडात हात ठेवा. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. टीरनं उजवा हात ठेवला. फीत तुटली नाही, देवांनी सोडलं नाही, लांडग्यानं हात तोडला. सगळे देव हसले, टीर सोडून.

“डावा,” सासूबाई म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. चित्रातल्या टीरचा डावा हात लांडग्याच्या जबड्यात होता. मला आठवलं. ऑपरेशनच्या दिवशी घाईघाईत चिकटवलेला शेवटचा कागद तो. उलटा करायचा राहून गेला होता.

“वेंधळे, उलटा चिकटवलास,” त्या म्हणाल्या, आणि मला हायसं वाटलं. त्यांनी डाव्या हाताच्या नखानं चिकटपट्टी सोडवली, कागद उचलून पालथा केला. टीरचा उजवा हात जागेवर आला. “हे असं. संपादकांनी मला शाळेत घातलं असतं.” त्यांनी सवयीनं शाईवरून बोट फिरवलं. ट्रेसिंग पेपरवर शाई किंचित वर उठते, बोटाला रेघ लागते. पन्नास वर्षं सुटा कागद हातात आला की त्या असंच बोट फिरवत आल्यात.

बोट थांबलं. त्यांनी कागदाची कड उचलून खालून चाचपलं.

“शाई खाली कशी?”



त्यांनी थॉर ओढून घेतला. वरून गुळगुळीत. लोउही, इल्मारिनेन, गुळगुळीत. पहिल्या अकरांतलं एक घेतलं, रेघा बोटाला लागल्या. नदी घेतली, लागल्या. मग त्यांनी पुठ्ठे बाजूला सारले. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

“किती?”

“बारा.”

“माझे कागद कुठे आहेत?”

मी कपाटाच्या तळातून गठ्ठा आणला. त्यांनी बाराही बघितले, एकेक, अजिबात घाई न करता. मला रडू येत होतं, पण रडायचा हक्क त्या वेळी माझा नव्हता.

“वाईट आहेत,” त्या म्हणाल्या. “तुझे चांगले आहेत. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.” मग आवाज बदलला. “पण तू मला सांगितलं नाहीस. पाच महिने मी तुला विचारत होते, कसं झालंय, आणि तू म्हणत होतीस, नेहमीसारखं. माझ्या मुलालाही माहीत असेल.”

“हो.”

“म्हणजे घरात मी सोडून सगळ्यांना. लबाडी तुमची, आणि हात गेला माझा.”

“तुम्ही ‘मी संपले’ म्हणाला असतात, आई. मला ते ऐकायचं नव्हतं.”

“मग ऐकायची ताकद कमवायचीस. मला आंधळीला काठी देण्याऐवजी तू रस्ताच लपवलास.” त्या कधी ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “चिकटव तो टीर. सरळ.”

अकराला पाच मिनिटं असताना बेल वाजली. मी टीर चिकटवला होता, बारा वाईट कागद परत कपाटात टाकले होते. आता कुणाला काही कळण्याचं कारण नव्हतं. मी मनात एकच घोकत होते, आई, गप्प राहा. पुस्तक जाऊ दे. तुमचं नाव तुमच्याकडे राहू दे.

संपादक लांब बोटांचे, हळू बोलणारे गृहस्थ. ते चित्रं बघत गेले आणि खुलत गेले. नदीपाशी थांबले, मग पुढे गेले. टीर बघून म्हणाले, “उजवा हात. निम्मे लोक इथे चुकतात. बाई, माणसं म्हणत होती, आता तुमचं वय झालं. मी म्हणालो, हात बघा त्यांचा. अजून तसाच आहे.” त्यांनी पिशवीतून एक कोरा कागद काढला. “पहिल्या पानासाठी एक छोटा लांडगा हवाय. आत्ताच काढून दिलात तरी चालेल, मी बसतो.”

“त्यांना डोळ्याला ताण द्यायचा नाहीये,” मी पुढे होऊन म्हणाले. “उद्या पाठवते मी.”

“मग उद्या,” संपादक म्हणाले. संपलं होतं. आम्ही वाचलो होतो.

सासूबाईंनी अंगरख्याच्या खिशातून उजवा हात काढला आणि टेबलावर, टीरच्या चित्राशेजारी ठेवला. पाच महिन्यांत परक्या माणसासमोर पहिल्यांदा. तो हलत होता. पुठ्ठ्याची कड त्याच्याबरोबर टकटक वाजत होती.

“हा तो हात,” त्या म्हणाल्या. “पहिली अकरा याची. आणि एक नदीचं. उरलेली बारा हिनं काढलीत. मला आज कळलं, पण शब्द माझा होता. आता तुम्ही काय ते ठरवा.”

संपादकांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कुणी हसलं नाही.

“मग हे पुस्तक तुमच्या एकटीच्या नावानं छापता येणार नाही,” ते शेवटी म्हणाले.

“नाही. म्हणूनच सांगितलं.”

“दोन नावं घालावी लागतील. वरच्यांना विचारावं लागेल. ते नाही म्हणाले तर...”

“नाही म्हणू देत.”

त्यांनी चित्रं पिशवीत भरली. नदीचं चित्र त्यांनी सगळ्यांत वर ठेवलं. जाताना दारात ते सासूबाईंना वाकून नमस्कार करून गेले. माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. वरचे काय म्हणतील ते अजून आम्हाला कळलेलं नाही.

त्या दिवशी सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी नवरा आला, त्याच्याशीही नाही. त्याला गावाला जायची सोयच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा त्या टेबलाशी होत्या. समोर संपादकांचा कोरा कागद, त्यावर पेन्सिलीनं काढलेला लांडगा. रेघा थरथरत्या, पण अंगावरचे केस म्हणून शोभत होत्या. काचेखालचा दिवा बंद होता. शाईची बाटली उघडी होती, आणि माझी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढलेली.

“डावरे, बस,” त्या म्हणाल्या. मी सवयीनं कागद पालथा घालायला हात पुढे केला. त्यांनी थरथरत्या हातानं माझं मनगट धरलं आणि कागद होता तसा ठेवला.

“सरळ काढ.”