उद्यामास्तरांची प्रार्थना

मास्तरांचे खरे नाव दुकानाच्या पाटीवर होते. परंतु पाटी वाचणारे थोडे आणि मास्तरांचा शब्द ऐकलेले पुष्कळ, म्हणून सारे गाव त्यांना उद्यामास्तर म्हणत असे. कोट शिवावा तर त्यांनीच, याविषयी कोणाचे दुमत नव्हते. तो हाती कधी पडावा, याविषयी मात्र खुद्द मास्तरांचेही कधी एकमत होत नसे. गिऱ्हाईक दारात दिसले, की गळ्यातली टेप सावरीत, चष्म्यावरून पाहत ते प्रसन्न मुद्रेने म्हणत, "उद्या या. आणि काळजी कशाला करता? कापड माझ्या हातात आहे ना?"

गिऱ्हाईक उद्या येई, मग रागावून येई आणि पुढे पुढे सवयीने येई. एक निवृत्त गृहस्थ तर कोट मिळाल्यानंतरही संध्याकाळी दुकानात येऊन बसत. पायांना वळण पडले होते, त्याला ते तरी काय करणार!

इतरांना इतका भरवसा देणाऱ्या या माणसाचा स्वतःचा भरवसा मात्र कशावरच नव्हता. कुलूप लावले की ते ओढून पाहत आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा ओढायला परत येत. दूध तापल्याचे पत्नीने सांगितले तरी झाकण उचलून खात्री करून घेत. देवावर त्यांची श्रद्धा होती. परंतु ती हाताखालच्या कारागिरावर असावी तशी. कारागीर गुणी आहे, पण काम आपल्या डोळ्यांसमोर झालेले बरे! सकाळी स्नान करून हात जोडले, की ते प्रार्थना करीत नसत, सूचना देत. 'ऊन पडू दे, पण दाराशी टांगलेलं कापड विटेल इतकं नको. गिऱ्हाईक येऊ दे, पण कालचंच नको.'

पत्नीचे हात मात्र जोडले न जोडले तोच सुटत.

"एवढ्यात झालंसुद्धा?" मास्तर विचारीत.

"त्याला सगळं ठाऊक आहे. पुन्हा काय सांगायचं?"

"ठाऊक असणं वेगळं आणि लक्षात असणं वेगळं."

"ते तुमच्या दुकानात, अहो," असे म्हणून ती माउली स्वयंपाकघरात जाई.

अशा या सुखी संसारात पत्नीला धाप लागू लागली. आधी जिना चढताना, मग अंथरुणाची घडी घालताना, आणि एके दिवशी मास्तरांना टोमणा मारता मारता. टोमणा अर्धाच राहिला, तेव्हा मास्तरांच्या काळजाचे पाणी झाले. त्यांनी तिला तडक रुग्णालयात नेले. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. शस्त्रक्रिया करावी लागणार होती, आणि ती लांबणीवर टाकण्यात अर्थ नव्हता.

"आमचे मोठे डॉक्टर करतील," तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांच्यासारखा हात दुसरा नाही. ते पाहा, आलेच."

मोठे डॉक्टर दारात पाठमोरे उभे राहून कुणाशी बोलत होते. मास्तर माणसाला तोंडावरून उशिरा आणि खांद्यांवरून लगेच ओळखीत. उजवा खांदा किंचित उतरता, मानेखाली जरासा बाक! या खांद्यांचा कोट त्यांच्या दुकानातल्या खुंटीवर होता. डॉक्टरांनी तो मुलीच्या लग्नासाठी शिवायला टाकला होता. लग्न झाले, मुलगी सासरी गेली, तिथे रुळली, परवा बापाला आजोबा करून बसली; कोट अजून कच्च्या टाक्यांवरच होता.

डॉक्टर वळले. "अरे, मास्तर! तुम्ही इथे?"

मास्तर हात जोडून म्हणाले, "उद्या देतो."

"काय उद्या देता? मी काही मागितलंय का?" डॉक्टर हसले आणि कागद पाहू लागले. पाहता पाहता त्यांचे हसू मावळले. पत्नीजवळ बसून त्यांनी सारे शांतपणे समजावून सांगितले. धोका थोडा आहे, पण आहे, हेही सांगितले. मग मास्तरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "परवा सकाळी करू. काळजी करू नका."

काळजी करू नका! हे शब्द मास्तरांच्या चांगल्या परिचयाचे होते. ते किती पोकळ असू शकतात, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

पत्नीला दाखल करून घेतले. सोबतीला तिची थोरली बहीण आली. तिला मास्तरही ताई म्हणत आणि मनातून वचकून असत.

"ताई, घात झाला. ज्याला इतके दिवस झुलवलं, त्याच्याच हातात सुरी आहे."

"मग आता तरी देवावर भार टाका."

"टाकतो हो. पण त्याला तो पेलवेल की नाही, हे आधी बघायला नको?"

खाटेवरून पत्नी क्षीण आवाजात म्हणाली, "तुम्हाला तीस वर्षं पेलतोय, अहो. मी काय जड?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकानाचे दार आतून लावून घेतले आणि कोट खुंटीवरून उतरविला. त्यांचा हिशेब सरळ होता: कोट मिळाला की डॉक्टर प्रसन्न, डॉक्टर प्रसन्न की हात स्थिर, हात स्थिर की झडप ठाकठीक. या साखळीत देवाचे काम फारसे उरत नव्हते. तरी सावधगिरी म्हणून मास्तर त्यालाही सुया ओवता ओवता सांगत राहिले. 'भूल बेताची दे. डॉक्टरांना रात्री झोप लागू दे. सकाळी त्यांचं घरात कुणाशी वाजू देऊ नकोस.' दिवसभर यंत्र खडखडत होते आणि तोंड पुटपुटत होते. दिवेलागणीला कोट तयार झाला. इतक्या लवकर दिलेला शब्द पाळल्याने मास्तरांना थोडे अशुभच वाटले.

सकाळी पत्नीला आत नेण्याची तयारी चालू असताना मास्तर कोट हातावर घेऊन डॉक्टरांच्या खोलीत शिरले.

"आत्ता?" डॉक्टर थक्क झाले.

"एकदा अंगात घालून बघा. माझ्या जिवाला बरं वाटेल."

डॉक्टरांनी कोट घातला. अंगात अगदी बेतशीर बसला. पण हात मात्र आपोआप मागे गेले. त्यांनी ते पुढे आणले, सोडले, तर पुन्हा मागे! उंचावरून पाण्यात सूर मारायला उभा राहिलेला माणूस दिसावा, तसे ते दिसू लागले. दारातली परिचारिका तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळली.

मास्तरांनी जवळ जाऊन बाह्या चाचपल्या. डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे! कोटाच्या बाहीला पुढे झुकणारा बाक असतो. बाजू बदलली की तोच बाक हाताला मागे ओढतो. असली चूक नवशिका करतो आणि पहिल्याच दिवशी कानाला खडा लावतो. ती आज मास्तरांच्या हातून, याच माणसाच्या कोटाला, याच सकाळी व्हावी!

ते मटकन खुर्चीत बसले. "डॉक्टर, माझ्यावर रागवा. पण तो राग हातात उतरू देऊ नका हो. तिची काय चूक?"

डॉक्टरांनी कोट काढला. त्यांना हसू येत होते, पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होते, म्हणून त्यांनी ते आवरले.

"मास्तर, तुम्ही मला इतके महिने फिरवलंत. मी कापड परत मागितलं का?"

"नाही."

"का नाही मागितलं? बायको रोज सांगत होती, दुसरीकडे टाका म्हणून. पण हात तुमचा आहे, ते मला माहीत होतं. उशीर होईल, पण वाया जाणार नाही. आता तुम्ही माझ्यावर तेवढा तरी भरवसा ठेवाल की नाही?" आणि कोट त्यांच्या मांडीवर ठेवीत ते म्हणाले, "बाहेर बाकावर बसा. बाह्या उसवा, नीट लावा. तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतो."

"आणि देव?"

"तो दोघांचंही बघेल. मी रोज तेच सांगून आत जातो."

पत्नीला नेले. जाताना तिने मास्तरांकडे पाहून मान हलविली. त्या हालचालीत निरोप होता की 'घरचा गॅस बंद केलात ना' हा प्रश्न, हे मास्तरांना कळले नाही. दार मिटले. सवयीने ते उठून दार ओढून पाहणार होते. ताईंनी सदऱ्याचे टोक धरून खाली बसविले.

ताई मोठ्याने नामस्मरण करू लागल्या. मधून मधून मास्तरांकडे त्या असे डोळे वटारीत, की ते नाव देवाचे आहे की मास्तरांवरचा ठपका, असा पलीकडच्या बाकावरील लोकांना संभ्रम पडावा. मास्तरांनी खिशातून छोटी कात्री काढली, बोटात सुई ढकलायचा अंगुस्ताना चढविला आणि बाही उसवायला घेतली. तोंडाने सूचना सुरू झाल्या. 'देवा, आता भूल दिली असेल. आता छाती... आता जरा जपून हं...' सुई कचकन बोटात गेली. पुन्हा आरंभ केला, पुन्हा टोचली. मुंढ्यावर, म्हणजे खांद्याच्या गोलाईवर, बाही बसविणे हे पूर्ण मन मागणारे काम. देवाला शिकविणे आणि बाही बसविणे ही दोन्ही कामे एका जिवाला एका वेळी साधणारी नव्हती. देवाला शिकविण्याचे काम दुसरा कोणीही करू शकला असता. बाहीचे तसे नव्हते. मास्तर गप्प झाले.

गप्प झाले, आणि प्रथमच त्यांना हातातले कापड दिसले. किती सुंदर कापड होते! अखंड ताग्यातून आले होते, आणि आपण त्यावर खडूने रेघा मारून कात्री चालविली होती. त्याला वाचा असती तर ते केवढ्याने ओरडले असते! कापडाला कात्री दिसते, कोट दिसत नाही. कोट ज्याच्या मनात असतो, तो तर तोंडात टाचण्या धरून उभा असतो. तो बोलणार कसा?

काही कोट आपल्याही हातून बिघडले आहेत, हे मास्तर विसरले नव्हते. आजच्या दाराआडून काय येईल, याची हमी त्यांना कोणी दिली नव्हती. तरीही त्या बाकावर त्यांच्या खांद्यांवरचा ताण हळूच उतरला. आपण आजवर लोकांकडून जे सहज मागत आलो, ते देणे किती अवघड आहे, आणि किती जणांनी ते आपल्याला किती मुकाट्याने दिले, हे त्यांना उमगले. त्यांनी डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत; हात कामात होते. एवढेच म्हणाले, "कापड तुझ्या हातात आहे."

"काय पुटपुटलात?" ताईंनी विचारले.

"काही नाही."

"मग अर्ध्यावर थांबलात का? सांगा की त्याला सगळं नीट. एरवी तर ऐकवत बसता."

"ताई, कारागिराच्या डोक्यावर उभं राहिलं की टाका वाकडा जातो. मला विचारा."

ताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, आणि नामस्मरणाचा आवाज आपणहून खाली आणला.

एक बाही बसली. दुसरीही बसत आली. दार उघडले आणि डॉक्टर बाहेर आले. मास्तर ताडकन उठले, तो कोटही त्यांच्याबरोबर उठला. मांडीवर ठेवून शिवण्याच्या नादात त्यांनी डॉक्टरांची बाही स्वतःच्या पँटला पक्की शिवून टाकली होती. गुडघ्याला लोंबकळणारा कोट सावरीत ते डॉक्टरांपुढे उभे राहिले.

"झडप उत्तम बसली," डॉक्टर म्हणाले. "हृदय आपलं आपण छान चालतंय. उद्या शुद्धीवर आल्या की बोलाल." मग त्यांची दृष्टी खाली गेली. "मास्तर, हा कोट मला देणार आहात की पँटसकट नेऊ?"

ताई रडता रडता खो खो हसू लागल्या. त्यांनीच वाकून मास्तरांच्या गुडघ्याजवळचे टाके कात्रीने तोडले. मास्तर मात्र लहान मुलासारखे उभे राहून रडत होते आणि या खेपेला कशाचीही खात्री करून घेत नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांना थोडा वेळ आत सोडले. पत्नी उशीला टेकून पडली होती. चेहरा उतरलेला, पण श्वास असा संथ, की मास्तर तोच ऐकत उभे राहिले.

"काल एवढा वेळ काय करत होतात?" तिने हळूच विचारले.

"बसलो होतो."

"आणि देवाला काय काय सांगितलंत?"

"एका वाक्यात आटोपलं."

तिने अविश्वासाने पाहिले. "एका वाक्यात? तुम्ही?"

"खरंच. मग गप्पच बसलो."

"बरं केलंत, अहो," ती म्हणाली. "म्हणूनच त्याला नीट काम करता आलं."

आपल्याच बोलण्याचे तिला हसू फुटले. ते आवरेना. छातीला हात लावून, डोळे मिटून ती हसत राहिली, आणि तिला पाहून मास्तरही हसू लागले. परिचारिका धावत आली.

"आजोबा, काय चाललंय काय? टाके ताजे आहेत त्यांचे! पेशंटला हसवायचं नाही. चला, बाहेर व्हा आधी!"

तिने दंडाला धरून मास्तरांना बाहेर काढले आणि दार लावून घेतले. मास्तर जन्मात पहिल्यांदाच कोठून तरी हाकलले गेले होते. ते तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. आत पत्नी अजून हसत होती आणि परिचारिका तिच्यावर रागावत होती.