मालगुंडच्या वाऱ्यातला फोटो

मी एक जुना, कडा पिवळ्या पडलेला फोटो आहे. मित्रांनो, वय म्हणाल तर जेमतेम सात वर्षं. पण रत्नागिरीच्या दमट हवेत कागद लवकर म्हातारा होतो. थकलोय आता.

ब्याऐंशीच्या मे महिन्यात, कचेरीत कारकून असलेल्या परशुरामांनी मागून आणलेल्या कॅमेऱ्याने मला मालगुंडच्या किनाऱ्यावर काढलं. समुद्राकडे पाठ करून त्यांची आई आनंदीबाई, मुलगी दमयंती आणि बायको मालिनी उभ्या होत्या. बटण दाबायला आणि लाटेने मालिनीची चप्पल न्यायला एकच गाठ पडली. ती हसत मागे वळली.

"घालवलीस ना फिल्म फुकट!" परशुराम चिडले.

"फोटो दुसरा काढता येईल हो. चप्पल जाते ना माझी!"

मी धुऊन आलो तो तिचा अर्धाच चेहरा घेऊन. पुढे वाळूवर परशुरामांचीच लांब सावली. बिघडलेला फोटो म्हणून मी फडताळातल्या कागदाखाली गेलो. तीन-चार पावसाळे ओल पीत तिथेच पडून होतो.

मग मालिनी तापाने गेली. तेराव्याला हार घालायला तिचा फोटो हवा होता. लग्नातला बुरशीने खाल्लेला. शोधाशोधीत मी सापडलो.

"जित्या माणसांच्या फोटोला हार घालू नये रे," आनंदीबाई म्हणाल्या.

मालिनीपुरता तुकडा कापून घ्यायला परशुरामांनी कात्री उचलली. पातं माझ्या कडेत शिरलं.

"बाबा, थांबा!" दमयंतीने त्यांचा हात धरला. "नीट बघा तरी. आईचा पदर, आजीचं लुगडं, मागच्या होडीचं शीड, सगळं एकाच बाजूला झुकलंय. नुसती आई कापून काढलीत तर वारा कुठे राहील? आणि ही तुमची सावली बघा. आईच्या पायांपर्यंत पोचलीय."

परशुरामांनी मला उजेडात धरलं. "म्हणजे मीपण आहे यात," ते पुटपुटले. त्यांनी कात्री खाली ठेवली.

आनंदीबाईंनी डोळे पुसले. "हार नको. खाली अबोलीचं फूल ठेवा. आणि मी गेले की माझ्यासाठी निराळा फोटो शोधत बसू नका. ह्यातच भागवा!"

आता त्याही गेल्या. फूल एकच असतं, दोघींना पुरतं.

मित्रांनो, पावसाळा सरला की घरातले फोटो कोरड्या फडक्याने पुसत जा. कुणाची मान वळली म्हणून फोटो टाकून देऊ नका. माझ्या कडेला कात्रीची खाच अजून आहे. ती मालिनीच्या उडत्या पदराशी येऊन थांबते.