एल्मरच्या फुप्फुसातली झाडूवाली

मी एक पांढरी पेशी बोलतेय. पत्ता: इकितोस शहर, बेलेनचा बाजार, मासे भाजणाऱ्या एल्मर तमानीचं उजवं फुप्फुस, खालचा कोपरा. काम झाडलोटीचं. एल्मर पानात गुंडाळलेले मासे निखाऱ्यांवर भाजतो आणि त्याच्या छातीत गेलेला धूर मी निस्तरते. काजळी गिळून गिळून काळी पडले, पण कधी कुरकुर केली नाही.

स्वभाव मात्र उतावळा. परकं कुणी घुसलं की मी गिळते. एकटीला आवरेना झालं की आरडाओरडा करून रक्तातल्या भावंडांना बोलावते. त्या आरडाओरड्यानंच तुम्हाला ताप चढतो.

महामारीच्या साली विषाणू आत शिरला. एल्मर तापानं फणफणला. दुसऱ्याच दिवशी त्याची थोरली बहीण देल्मिरा सुई घेऊन हजर! आमच्या गल्लीत डॉक्टरच्या आधी ती पोचते, आणि दुकानात मागाल ते औषध मिळतं.

"ताई, डॉक्टरांना तरी विचारायचंस."

"लहानपणी तुझं नाक काय डॉक्टर पुसायचे? वळ तिकडे!"

ते सूज उतरवणारं, म्हणजे आम्हा पेशींना झोपवणारं औषध होतं. चार दिवस रोज एक सुई. ताप पळाला, एल्मर निखाऱ्यांपाशी परतला, देल्मिरा गल्लीभर मिरवली. इकडे मी पेंगत होते. डोळ्यांदेखत विषाणू पसरत होता आणि माझ्या तोंडून आवाज फुटत नव्हता.

औषधाचा अंमल उतरला, मी जागी झाले आणि समोरचं पाहून माझं डोकंच फिरलं. इतकी ओरडले की भावंडांच्या झुंडीच्या झुंडी आल्या. त्यांनी आपलं-परकं काही पाहिलं नाही. हवेच्या पिशव्यांत पाणी भरलं. विषाणू कमी होत गेला तरी आम्ही थांबलो नाही. नवव्या दिवशी एल्मरला दोन शब्द बोलतानाही धाप लागू लागली.

इस्पितळात त्याला प्राणवायू लावला. डॉक्टरीणबाईंनी त्याच औषधाचं नाव घेतलं, तशी देल्मिरा किंचाळली, "नको! त्याच सुईनं मी त्याला इथवर आणलं!"

"तेव्हा त्याच्या पेशी लढायला हव्या होत्या, तुम्ही त्यांना झोपवलंत," बाई म्हणाल्या. "आता त्या त्याच्याच जिवावर उठल्यात. आज त्यांना आवरायलाच हवं."

आत मी आकांत करत होते. द्या, लवकर द्या! मला थांबता येत नाहीये!

एल्मरची बायको रोसाउरा हिनं नणंदेचा हात धरला. "वन्सं, चूक सुईची नव्हती, घाईची होती. देऊ द्या त्यांना."

सुया सुरू झाल्या आणि दोन दिवसांनी माझा आवाज बसला. एल्मर वाचला.

आता मासे रोसाउरा भाजते. तो धुरापासून लांब बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो, चार पायऱ्या चढला की थांबतो. देल्मिरा अजून सुया टोचते, पण तापाचं कुणी आलं की विचारते, "ताप येऊन किती दिवस झाले?" आणि चार शिव्या घालून डॉक्टरकडे पिटाळते.

धूर नाही तरी मी दिवसभर झाडतच असते. बसवत नाही. तुमच्या छातीतही माझी एक बहीण आहे. तिला वेळेआधी झोपवू नका. आणि ती पिसाळलीच, तर तिची गय करू नका.

एल्मर छातीचा फोटो ज्याला त्याला दाखवतो. "हा पांढरा डाग बघ, विषाणूनं केलाय." मी त्याच डागात राहते. तो विषाणूनं नाही केला, एल्मर. मी केलाय.