कोमट समुद्र

"बाल्टिकला जाऊ," रायमुंड म्हणाला. "मासेच बघायचेत ना? तिथे ताटात दिसतात. तळलेले, लिंबू पिळून. तोंड बुडवायला नको की काही नको."

टेबलाभोवती हशा पिकला. एकटी हेल्का हसली नाही. ती सात वर्षांची होती आणि बटाट्याच्या गोळ्याला पाडलेल्या खळीत रस्सा भरण्यात गुंतली होती. "पण ओपा, तळलेला मासा आपल्याकडे बघत नाही," ती म्हणाली.

आजोबाला, म्हणजे रायमुंडला, ती ओपा म्हणे आणि आजीला ओमा. त्याने जांभळी कोबी वाढून घेतली.

पोलंडमधल्या रूदा श्लाँस्का या कोळशाच्या खाणींच्या गावातल्या त्या घरात गेले काही रविवार हेच चालले होते. रायमुंडची लेक साबिना आणि जावई दामियान यांनी आईबापांच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला सगळ्यांना मिळून समुद्रावर न्यायचे ठरवले होते. नुसते वाळूत लोळायला नाही, तर स्नॉर्केलिंगला. चेहऱ्यावर काचेचा मुखवटा, तोंडात नळी, पाण्यावर पालथे तरंगायचे आणि खालचे मासे बघायचे. घरात कोणीच हे कधी केलेले नव्हते. जायचे नक्की होते, कुठे एवढेच ठरत नव्हते. आणि ते का ठरत नव्हते हे रायमुंड सोडून कोणालाच ठाऊक नव्हते.

दामियानने रश्श्याच्या भांड्याला मोबाईल टेकवून पुन्हा एकदा सगळे पहिल्यापासून मांडले. क्रोएशियाला गाडीने जाता येईल, पण किनारा खडकाळ. ग्रीसचे बेट सुंदर, पण हॉटेलपासून चांगली जागा लांब. इजिप्तला विमान, पण पाणी उबदार.

"क्रोएशियाच बरं," रायमुंड म्हणाला.

"बाबा, तिथलं पाणी गार असतं," दामियान म्हणाला. "हेल्काचे ओठ तर तरणतलावातसुद्धा निळे पडतात."

"मग ग्रीस."

"मागच्या रविवारी ग्रीसला तुम्हीच नको म्हणालात. वारा सुटतो म्हणून."

"इजिप्तला पोट बिघडतं."

"ऐका!" त्रुदा, त्याची बायको, म्हणाली. "सव्वीस वर्षं खाणीत कोळशाची धूळ लागलेला पाव खाल्ला तेव्हा नाही बिघडलं, आता इजिप्तमध्ये कसलं बिघडतंय?"

नाचता येईना अंगण वाकडे, असाच तो प्रकार होता. जगातल्या एकाही समुद्रात खोट नव्हती. अडत होते ते नळीपाशी.

रायमुंड खाणीत होता तेव्हा प्रत्येकाच्या कमरेला एक पत्र्याचा डबा असे. खाली आग लागली, धूर भरला, की डबा उघडायचा, त्यातली रबरी तोटी दातांत धरायची, नाकाला चिमटा लावायचा आणि डब्यातून गाळून येणारी हवा तोंडाने ओढत बाहेरची वाट धरायची. धुरात विष जितके जास्त, तितकी ती हवा गरम. जीभ भाजली तरी तोटी काढायची नाही. भाजते आहे याचा अर्थ डबा काम करतो आहे. रायमुंडने हा डबा एकदाच वापरला होता, साबिना त्रुदाच्या पोटात असताना. त्यानंतर नाक बंद आणि तोंडात नळी ही कल्पना नुसती मनात आली तरी तो मोकळ्या हवेत जाऊन उभा राही. तो पुन्हा खाणीत उतरला, निवृत्त होईपर्यंत उतरला, डबा रोज कमरेला बांधला. पण तो उघडून सराव करायचा दिवस आला की त्यांचा मुकादम रायमुंडपुढून न बघितल्यासारखे करून निघून जाई. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, आणि रायमुंडचे तर खरोखरच पोळले होते.

घरात हे त्याने कधी बोलून दाखवले नव्हते. आता दाखवावे, तर हेल्काचे काय? पाण्यात तोंड घालायची तिलाही भीती वाटे, आणि तिने सगळ्यांसमोर सांगून टाकले होते की आधी ओपा घालेल, मग मी. जमिनीच्या पोटात जाऊन आलेला माणूस तो. तोच मागे सरला तर ती पोर जन्मात पाण्यात तोंड घालणार नव्हती.

दामियान भलता उत्साही. जागा ठरायच्या आधीच त्याने सगळ्यांसाठी मुखवटे आणि नळ्या आणल्या, घरात घालून सवय व्हावी म्हणून. हेल्काने मुखवटा चढवून सूप प्यायचा प्रयत्न केला आणि आईचा धपाटा खाल्ला. रायमुंड आपला संच कोटाखाली लपवून परसातल्या कबुतरखान्यात गेला.

उलट्या खोक्यावर बसून त्याने मुखवटा घातला. नाक बंद झाले. नळी दातांत धरली मात्र, छातीत घण पडू लागले. त्याने ती काढली. कपाळ पुसले. पुन्हा धरली, पुन्हा काढली. कबुतरे एका ओळीत बसून हे सगळे बघत होती.

"अरे, हे काय?"

दारात त्रुदा उभी होती, हातात मक्याच्या दाण्यांचे भांडे. ती हसायला लागली होती, पण त्याने मुखवटा वर केला तेव्हा तिचे हसू गेले. त्याचा चेहरा घामाने डबडबला होता. तिने भांडे खाली ठेवले आणि दुसरे खोके ओढून त्याच्यासमोर बसली.

"त्या दिवसाचं आहे का हे? आखिमच्या वेळचं?"

त्याने होय म्हणून मान हलवली. आखिम त्याचा खाणीतला जोडीदार, दोघांच्या लग्नातला साक्षीदार. सर्व संतांच्या सणाला दरवर्षी दोघे त्याच्या थडग्यावर शेवंती ठेवून दिवा लावत. तो धुरात गेला एवढे त्रुदाला माहीत होते. कसा गेला हे तिने विचारले नव्हते, आणि त्याने सांगितले नव्हते.

"मी पडलो होतो," रायमुंड म्हणाला. "पाय अडकला रुळात. आखिम पुढे होता. वळून बघतो तर मागे मी नाही. धुरात दिसतंय कुणाला? मग त्यानं तोटी काढली तोंडातली."

"काढली? का?"

"हाक मारायला. ती तोंडात असली की बोलता येत नाही ना. 'रायमुंड!' म्हणून ओरडला. मला स्वच्छ ऐकू आलं, त्रुदा. पण मला ओ देता येईना. माझ्या तोंडात ती होती. म्हणून तो परत ओरडला. आणि परत. मग मी हाताला लागला तो दगड घेऊन रुळावर ठोकायला लागलो. त्या आवाजावर आला तो. मला कॉलरला धरून उभं केलं, आपली तोटी परत तोंडात घातली, आणि दोघं चालत निघालो. वर नेणाऱ्या पिंजऱ्यापाशी पोचलो, आणि तो जरा टेकतो म्हणून खाली बसला. तो बसलाच."

"तू काढली असतीस तर?"

"तर दोघंही राहिलो असतो तिथे. आखिमनंच शिकवलं होतं मला, काही झालं तरी काढायची नाही म्हणून."

त्रुदाने एप्रन डोळ्यांना लावला. "माझ्या लेकीला बाप मिळाला तो त्याच्या हाकेमुळं," ती म्हणाली. "आणि मी इतकी वर्षं त्याच्यापुढे नुसती फुलं ठेवून येतेय. साधे आभारसुद्धा मानले नाहीत रे."

"मी मानतो," रायमुंड म्हणाला. "सकाळी खिडकी उघडतो ना, तेव्हा. रोज."

मग कबुतरांना दाणे टाकता टाकता त्यानेच विचारले, "आता साबिनाला काय सांगायचं? हेल्काच्या कानावर गेल्याशिवाय राहायचं नाही."

"कुणाला काही सांगायचं नाही. माझ्यावर सोड. तू फक्त गप्प बसायचं. ते बाल्टिक, तो वारा, ते पोट, सगळं बंद."

पुढच्या रविवारी सूप संपायच्या आत त्रुदाने चमचा खाली ठेवला.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

साबिना बघतच राहिली. "आई, तुला? मग कपाटावरचे ते पोहण्याच्या शर्यतींचे कप कुणाचे?"

"ते तलावातले. तलाव म्हणजे समुद्र नव्हे. आणि ते कप मिळवताना माझ्या तोंडात नळी नव्हती. माझ्या अटी आहेत. मान्य असतील तर येते, नाहीतर तुम्ही खुशाल जा."

दामियानने मोबाईल सरसावला.

"पाणी कोमट पाहिजे," त्रुदा म्हणाली. "गार पाण्यात माणसाचा श्वास आधीच अडकतो, त्यात नवख्या माणसानं नळीतून कसा घ्यायचा? खाली वाळू पाहिजे, आणि मनात आलं की पाय टेकले पाहिजेत. ते बोटीतून नेऊन धपकन पाण्यात सोडणं मला चालायचं नाही, किनाऱ्यावरून चालत उतरता आलं पाहिजे. लाटा नकोत. आणि मुख्य म्हणजे, अजून कसं उतरत नाही म्हणून कुणी मागे लागायचं नाही. माणूस दोन दिवस नुसता बसून राहिला, तर बसू द्यायचा."

"ओमा भित्री! ओमा भित्री!" हेल्का आनंदाने ओरडली.

"आहेच मुळी," त्रुदा म्हणाली आणि चमचा उचलला.

रायमुंड ताटात बघत होता. त्या दोन शब्दांसाठी तो तिच्याशी पुन्हा एकदा लग्न करायला तयार झाला असता.

त्या अटींपुढे क्रोएशियाचे खडक टिकले नाहीत, ग्रीसचा वारा टिकला नाही. उरला इजिप्तचा तांबडा समुद्र. मर्सा आलमच्या बाजूला दामियानला एक उथळ खाडी सापडली होती. ऑक्टोबरातही तिथले पाणी उबदार, तळाला वाळू आणि गवत, आणि त्या गवतावर कासवे येऊन चरतात. "आपल्याकडे गाई चरतात तशी," तो म्हणाला. मग बिचकतच सासऱ्याकडे वळला. "बाबा, तुमचं काय म्हणणं?"

"इजिप्त चांगलंय," रायमुंड म्हणाला.

दामियानच्या हातून काटा पडला.

तिथे गेल्यावर पहिले दोन दिवस रायमुंड झावळ्यांच्या छत्रीखाली बसून होता. त्याच्यापुढे, पाऊल बुडेल एवढ्या पाण्यात, त्रुदा बसून होती. समोर सगळा समुद्र पसरलेला, आणि शेजारून कोणी पोहत गेले की तिचे खांदे आपोआप हलत.

"अगं, जा ना तू," तो हळूच म्हणाला. "माझ्यासाठी कशाला?"

"भित्र्या बायका जात नसतात. हेल्का बघतेय."

इतकी वर्षे ती त्याच्या खाणीतून वर येण्याची वाट बघत आली होती. आता तो खाली जाण्याची वाट बघत होती, आणि तेही तक्रार न करता. रायमुंडला वाटले, आपल्यासारख्या माणसाच्या वाट्याला हे एवढे सगळे कसे आले? आपण याची कुठे परतफेड करणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने काही न बोलता मुखवटा उचलला. हेल्का पाण्यावर तरंगायचे नारिंगी जाकीट घालून धावत आली आणि तिने त्याचा हात धरला. "ओपा, आधी तू हं."

"ठरलंय ना आपलं."

पाणी त्याच्या कमरेवर आले, छातीशी आले. खरोखरच कोमट होते, अंघोळीला काढून ठेवल्यासारखे. दुसऱ्या बाजूने त्रुदा होती. त्याने पायाखालची वाळू दाबून बघितली, पुन्हा एकदा दाबून बघितली, आणि नळी दातांत धरली. छातीतले घण सुरू झाले. जीभ भाजणार म्हणून ती त्याने आत ओढून घेतली आणि चेहरा पाण्यात घातला.

हवा आली. गार, किंचित खारट. त्याने दुसरा श्वास घेतला. तोही गारच होता. तिसरा. ही हवा कुठून गाळून येत नव्हती, ती वर पसरलेली होती, हवी तितकी, सगळ्यांसाठी. घण हळूहळू लांब गेले. एक पिवळा मासा काचेसमोर येऊन थांबला आणि त्याच्याकडे बघत राहिला. पोर म्हणाली होती ते खरेच होते.

त्याच्या मुठीतला चिमुकला हात घट्ट आवळला गेला, मग सैल पडला. शेजारी हेल्काचाही चेहरा पाण्यात होता. खाली गवतात एक मोठे कासव चरत होते. पोट भरल्यावर ते सावकाश वर निघाले, त्यांच्या अगदी जवळून गेले, नाक पाण्याबाहेर काढून एक श्वास घेतला आणि पुन्हा खाली उतरले.

तेवढ्यात हेल्काने डोके वर काढले आणि तोंडातली नळी उपटली.

"ओपा!"

रायमुंडचे अंग ताठ झाले. त्याने झटकन मान वर काढली, नळी दातांत तशीच, आणि त्याचा हात आपोआप तिच्या नळीकडे गेला, ती परत तिच्या तोंडात घालायला. पण ती हसत होती. नळी तिच्या कानाशी लोंबत होती आणि ती तोंड भरभरून वारा पीत होती. काहीसुद्धा झाले नाही. आजोबा बोलत नाही म्हणून तिने पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्याने.

"ओपा! बघितलंस का? ते माझ्याकडे बघत होतं! ओपा!"

त्रुदाने पाण्याखालून त्याचा दुसरा हात घट्ट धरला.

रायमुंड वाळूत पाय रोवून उभा राहिला. मुखवट्यात आतून पाणी साठले होते आणि समोरची पोर नारिंगी डागासारखी दिसत होती. त्याने तोंडातली नळी काढली आणि ओ दिली.