पाचवी बाजू

परिमिती शिकवायला मायकेल मास्तरांनी आम्हाला सरळ राई गावच्या मिठागरावर नेलं. साल अडतीसचं असेल. आमचा मिठाचा वाफा पाच बाजूंचा होता. मी दोरीने चारच बाजू मोजल्या.

"पाचवी कुठे गेली, सावित्री?"

"तो बांध आमचा न्हाय, मास्तर. रखमाबायचा हाय."

दोन वाफ्यांमधल्या त्या बांधावर चिखल कोणी थापायचा, यावरून आमच्या घरांचं बोलणंच बंद होतं.

"पण पाणी तुमच्या वाफ्याचंही अडवतो ना तो? मग मोजायला नको?"

मास्तरांनी दोरीचं एक टोक वाफ्यात राबणाऱ्या माझ्या आईच्या हातात दिलं आणि दुसरं शेजारच्या वाफ्यातल्या रखमाबाईच्या. दोघींनी तोंडं फिरवली, पण दोरी मात्र ताठ धरली. माझी बेरीज बरोबर आली.

आता तिथे इमारती आहेत. मधल्या भिंतीला गिलावा कोणी करायचा, म्हणून दोन्ही सोसायट्या तावातावाने भांडतात. मीटिंगमध्ये माझं डोकं फिरतं.

"भांडण पुरे," मी ओरडते, "आधी कोणीतरी दोरी आणा!"

पोरं हसतात. म्हातारीला कपडे वाळत घालायचेत, असं त्यांना वाटतं.