पितराची चिंचवणी

गोदाबाईंचा हट्ट म्हणजे हट्ट. खुशालराव गेल्यावरची ही पहिली अखाजी, अक्षय्य तृतीयेचा पितरांचा दिवस, तेव्हा चिंचवणी होईल ती पितळेच्या गंजातच, त्या जुन्या पातेल्यातच, असं त्यांनी सुनेला बजावलं. नवऱ्याला स्टीलच्या भांड्यातलं चिंचगुळाचं सार जन्मात आवडलं नव्हतं, ते आता मेल्यावर आवडणार होतं का?

गंजाची कल्हई मात्र पार उडाली होती. हिवरखेडचा उस्मान कल्हईवाला स्पष्ट बोलला होता, "मावशी, अखाजी झाल्यावर करून देतो. तोवर याच्यात आंबट नोका टाकू, कळकून विख होते." बाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन गंज चिंचेनंच घासला. लखलखला, म्हणजे झालं, एवढीच त्यांची समजूत. आदल्या संध्याकाळी चिंचवणी उकळली आणि मुरावी म्हणून सकाळपर्यंत त्यातच झाकून ठेवली.

दुपारी पितर म्हणून, गेलेल्या भावाच्या जागी जेवायला, पाटावर बसले धाकटे दीर, भगवंतराव. बिनलग्नाचा माणूस, भावजयीच्या हातचं खाऊन म्हातारा झालेला, आणि मूत्रपिंडाच्या दुखण्यानं निम्मा उरलेला. पहिल्या घोटाला ते जरा थबकले. गोदाबाईंना वाटलं, भावाची आठवण आली. त्यांचेही डोळे भरले.

"घ्या भाऊजी, अजून घ्या. तुमच्या दादाले तीन वाट्या लागत होत्या."

भगवंतरावांनी तीन वाट्या संपवल्या आणि हात धुतला.

मग घरची माणसं जेवायला बसली. सून रागिणीनं घोट तोंडात घेतला आणि तसाच थुंकला. "आई, कळकली वो हे!" गोदाबाई ओसरीवर धावल्या, तर भगवंतराव खांबाला धरून ओकत होते.

तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात त्यांची लघवी बंद झाली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. गोदाबाई खाटेशी उभ्या होत्या, स्वतःवर संतापलेल्या आणि त्यांच्यावरही.

"भाऊजी, चव नाही लागली तुमाले?"

"पयल्याच घोटाले लागली."

"मंग ठेवून काहून नाही देल्ली?"

"पितरानं पानात टाकलं तं दादा उपाशी राहते ना, वहिनी."

त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बाईंना रडता तरी आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंतराव गेले.

पुढच्या अखाजीला गोदाबाईंनी दोन पानं मांडली. पितर बसायला या म्हणून त्या दारोदार फिरल्या. कुणाचा उपास निघाला, कुणाला वरुडला जायचं होतं. त्यांच्या हातचं जेवायला गावातला एकही माणूस आला नाही, आणि दोन्ही भाऊ उपाशी राहिले.