गोल दिव्यांची गाडी

ती जुनी गाडी म्हणजे बाबांची थोरली लेकच. ती दारात आली तो दिवस घरात दरवर्षी साजरा व्हायचा आणि तिचं वयही त्याच सालापासून मोजलं जायचं. धाकटीने, म्हणजे खऱ्या लेकीने, तेच साल धरून दुरुस्तीचं पुस्तक आणलं होतं आणि त्यात बघून कालच ब्रेकचं तेल स्वतःच्या हाताने बदललं होतं. बाबा कौतुकाने नुसते फुगले होते.

आज वायरिंगसाठी आणखी एखादं पुस्तक हवं, म्हणून ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात आली. दुकानदाराने दोन पुढे टाकली. "हे आधीच्या मॉडेलचं, हे नंतरचं. तुमचं कुठलं ते बघा."

नंतरच्यावर चौकोनी दिव्यांची गाडी होती, घरच्या पुस्तकावर होती तशीच. चित्र काय, कसंही काढतात, म्हणून तिने तेव्हा सोडून दिलं होतं. आधीच्यावर मात्र गोल दिवे होते, थेट त्यांच्या गाडीचे. म्हणजे बाईसाहेब आधीच्या सालातल्या, घरी येण्याआधी शोरूममध्ये कितीतरी दिवस पडून होत्या! तिला हसूच आलं.

हसत हसत तिने ब्रेकचं पान उघडलं. ठळक अक्षरांत लिहिलं होतं: या मॉडेलला नंतरच्या गाड्यांचं तेल घालू नये, आतलं रबर फुगून ब्रेक निकामी होतात.

तिने घाईने फोन लावला. आईबाबा सकाळीच गाडी घेऊन मावशीकडे गेले होते, टेकडीवर. परतीला नुसता उतार.

आईने फोन उचलला. "अगं, मावशीने सोडलंच नाही बघ, आत्ता कुठे निघालो..."

"आई, गाडी थांबवा!"

"तेच तर! हे ब्रेकवर पाय आपटतायत नि गाडी काही..."

"हँडब्रेक! त्याला तेल लागत नाही, तार असते! खालचा गिअर टाका म्हणावं!"

पलीकडे आई किंचाळली. काहीतरी खरवडत गेलं. मग काहीच नाही. धाकटी "आई, आई" करत राहिली आणि दुकानातली माणसं वळून बघू लागली.

बऱ्याच वेळाने बाबांचा आवाज आला, अगदी बारीक. "वाळूच्या ढिगात घुसलो. लागलं नाही कुणाला. तुझी आई माझा हात सोडत नाहीये."

"माझ्यामुळे झालं, बाबा. आपली गाडी आधीच्या मॉडेलची निघाली, मी नंतरच्याचं तेल घातलं."

"वाढदिवस मीच चुकीचा शिकवला तुला," बाबा म्हणाले. गाडीला काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

"मग, कुठलं देऊ?" दुकानदाराने विचारलं. तिने गोल दिव्यांवर बोट ठेवलं.